ओढ्यावर आच्छादन घालणारा शास्त्रज्ञ: शिगेरु नाकानो

रानओढा (धागाकर्ता)

नदी सुशोभीकरणाच्या धाग्यावर चर्चा "काठ बांधून काढले तर बिघडतं काय?" इथे येऊन अडकली होती. तिथे मी शिगेरु नाकानो यांचं नाव घेतलं आणि दोघांनी विचारलं, हे कोण? त्यांच्यावर मराठीत लिहायचं बरेच दिवस मनात होतं, म्हणून हा वेगळा धागा.

नाकानो जपानी. जन्म १९६२. डोंगरी ओढ्यांतले मासे हा त्यांचा विषय. २७ मार्च २००० रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी ते गेले. त्याआधीच्या थोड्या वर्षांत त्यांनी केलेलं काम आज नदी-परिसंस्थेचा अभ्यास करणाऱ्या कुणालाच टाळून पुढे जाता येत नाही.

सुरुवात एकेका माशापासून झाली. ओढ्यात राहणारा सामन-ट्राउट कुळातला मासा अन्नामागे फारसा धावत नाही. प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो आणि वरून वाहत येणारे किडे टिपतो. जागा चांगली असेल तर थोड्या कष्टात पोट भरतं. वाईट असेल तर मिळवलेलं सगळं प्रवाहाशी झगडण्यातच खर्च होतं. त्यामुळे जागेवरून मारामाऱ्या होतात आणि प्रत्येक डोहात माशांची उतरंड तयार होते. हे प्रयोगशाळेतल्या टाक्यांत माहीत होतं. नाकानोंनी ते खऱ्या ओढ्यात पाहिलं. श्वासनळी तोंडात धरून, बर्फाळ पाण्यात पालथं पडून, खुणा केलेले मासे एकेक करून ओळखायचे: कोण कुठे थांबतो, काय खातो, कुणाला हुसकतो. लाल ठिपक्यांच्या मासू सामनवरचा त्यांचा १९९५ चा शोधनिबंध या निरीक्षणांवर उभा आहे. वरच्या क्रमांकाचे मासे मोक्याच्या जागा धरतात आणि भराभर वाढतात, खालचे मागे पडतात आणि शेवटी तो डोह सोडून जातात.

मग प्रश्न दोन जातींचा. होक्काइडोच्या हिदाका डोंगरांत पोरोशिरी नावाचा ओढा आहे. तिथे सामन-ट्राउट कुळातल्याच 'चार' (char) नावाच्या माशांच्या दोन जाती एकत्र राहतात: डॉली व्हार्डन आणि पांढऱ्या ठिपक्यांचा चार. दोघांचं खाणं जवळपास सारखं, मग एक दुसऱ्याला संपवत का नाही? नाकानो, अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाचे कर्ट फॉश आणि सहकाऱ्यांनी वाहत येणारे किडे मुद्दाम कमी करून पाहिले. डॉली व्हार्डनने लगेच पद्धत बदलली. वाहतं अन्न सोडून ती तळाच्या दगडांवरचे किडे वेचायला लागली. दुसरी जात मात्र आपल्या जागेवर थांबून वाहतं अन्नच टिपत राहिली. दोघींच्या एकत्र नांदण्याचं एक कारण या लवचिकपणात सापडलं.

हे तपशील मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या मोठ्या प्रयोगाचं बीज इथे आहे. अन्न कमी झालं की मासा तळाकडे वळतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

होक्काइडो विद्यापीठाचं तोमाकोमाई इथे प्रायोगिक जंगल आहे. त्यातून होरोनाई नावाचा लहानसा ओढा वाहतो. झऱ्यांवर पोसलेला, त्यामुळे पाणी वर्षभर बऱ्यापैकी एकसारखं. दोन्ही काठांवर पानगळीची झाडं. नाकानोंनी विचारलं की या झाडांवरून जे किडे पाण्यात पडतात (सुरवंट, मुंग्या, भुंगे) ते बंद केले तर ओढ्याचं काय होईल?

आणि त्यांनी ओढ्यावर हरितगृह बांधलं. शेतात पॉलीहाऊस उभं करतात तशा कमानी ओढ्याच्या दोन्ही बाजूंना रोवून वर आच्छादन घातलं. पाणी वाहतंय, उजेड येतोय, फक्त जंगलातून किडा पडत नाही. काही तुकडे आच्छादलेले, काही उघडे. दोन्ही प्रकारांत काही ठिकाणी मासे ठेवलेले, काही ठिकाणी काढलेले. म्हणजे जो फरक दिसेल तो कशामुळे, हे वेगळं काढता यावं.

आच्छादन असलेल्या आणि मासे असलेल्या तुकड्यांत डॉली व्हार्डन तळाकडे वळली. तळावरचे शेवाळ खाणारे किडे कमी झाले. ते कमी झाले म्हणून दगडांवर शेवाळाचा थर वाढला. जिथे मासेच नव्हते तिथे आच्छादनाने हा परिणाम झाला नाही. झाडावरून पडणारा सुरवंट आणि दगडावरचं शेवाळ, या दोघांचा एकमेकांशी संबंध आहे हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं. १९९९ मध्ये हे 'इकॉलॉजी' या नियतकालिकात आलं.

दुसरा अभ्यास मासाशी मुराकामी यांच्यासोबतचा. वर्षभराहून जास्त काळ, महिन्यामागून महिना, त्यांनी दोन्ही बाजूंची ये-जा मोजली: जंगलातून पाण्यात पडणारे किडे आणि पाण्यातून पंख फुटून जंगलात उडणारे किडे. ओढ्यातले मासे काय खातात, काठावरचे पक्षी काय खातात. हिशेब असा निघाला की माशांच्या वर्षभराच्या ऊर्जेपैकी ४४ टक्के जंगलातून येते आणि पक्ष्यांच्या ऊर्जेपैकी २५.६ टक्के ओढ्यातून.

मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती त्यातली वेळ. वसंतात झाडांना पानं नसतात, जंगलात किडे नाहीत, पण ओढ्यावर ऊन पडतं आणि जलकीटक थव्यांनी बाहेर येतात. तेव्हा पक्षी ओढ्यावर जगतात. उन्हाळ्यात झाडं पानांनी भरतात, जंगलात किडे मातात, ओढ्यात मात्र कमी झालेले असतात. तेव्हा मासे जंगलावर जगतात. एकाच्या टंचाईत दुसऱ्याची सुगी.

हा निबंध २००१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. तोवर नाकानो नव्हते. ते क्योतो विद्यापीठाच्या परिसंस्था संशोधन केंद्रात गेले होते आणि तिथले ताकुया आबे व मासाहिको हिगाशी यांच्यासोबत मेक्सिकोत बाहिया दे लोस आंखेलेसला अमेरिकन परिसंस्था-अभ्यासक गॅरी पोलिस यांचं काम पाहायला गेले होते. गॅरी पोलिस तिथल्या वाळवंटी बेटांवर हेच शोधत होते: समुद्रातून येणारं अन्न बेटावरच्या कोळ्यांना कसं पोसतं. बेटांवरून परतताना वारा अचानक उठला आणि नाव बुडाली. पोलिस, त्यांचे सहकारी मायकेल रोझ, आबे, हिगाशी आणि नाकानो, पाचही गेले. चौघं पोहून वाचले.

काम थांबलं नाही. फॉश, मुराकामी आणि कोल्डन बॅक्स्टर यांनी होरोनाईवर पुन्हा हरितगृह उभारलं आणि नाकानोंच्या पद्धतीने नवा प्रश्न विचारला: बाहेरून आणलेली इंद्रधनुषी ट्राउट ओढ्यात सोडली तर काय होतं? २००४ मध्ये निकाल आला. ट्राउटने जंगलातून पडणारे किडे बळकावले, डॉली व्हार्डन तळाकडे वळली, शेवाळ वाढलं, पाण्यातून उडणारे किडे घटले आणि काठावरच्या, पाण्यालगत जाळी विणणाऱ्या कोळ्यांची संख्या ६५ टक्क्यांनी खाली आली. पाण्यात एक परका मासा आला आणि जंगलातला कोळी उपाशी राहिला.

म्हणून मी त्या धाग्यावर म्हटलं होतं की काठ ही ओढ्याची हद्द नाही. काठावरची झाडं तोडून दगडी भिंत बांधली की ओढ्याचं जवळपास अर्धं अन्न बंद होऊ शकतं, पाणी कितीही स्वच्छ असलं तरी.

---

पानथळ

अप्रतिम. २५.६ टक्के वाचून थांबले. आपण 'जंगलातले पक्षी' म्हणतो आणि त्यांचा चौथा हिस्सा पाण्यातून येतो!

एक शंका. मासे काय खातात हे कळायला त्यांना मारून पोट फाडत होते का?

---

रानओढा

पानथळ ताई, नाही. माशाला थोडा वेळ गुंगी देऊन तोंडातून बारीक नळीने पाणी सोडतात, पोटातलं बाहेर येतं, मासा शुद्धीवर आला की परत ओढ्यात. ज्याला आपण महिनोन् महिने ओळखतो तो मासा मारला तर पुढची सगळी निरीक्षणं गेली.

---

घाटमाथा_सातारा

लेख चांगला आहे, पण मी दुसऱ्या बाजूने बोलतो. मी पाणलोटाच्या कामावर बरीच वर्षं काढली आहेत. आमच्या पट्ट्यात फेब्रुवारीत टँकर लागतो. ओढा खोल केला, रुंद केला, गाळ काढला की विहिरींना पाणी टिकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथल्या बाईला डोक्यावरून हंडा वाहायचाय. तिला काठावरच्या कोळ्याची गोष्ट सांगून उपयोग काय? होक्काइडोला पाऊस आणि बर्फ दोन्ही भरपूर. त्यांना परवडतं.

---

रानओढा

दादा, हंड्याचा मुद्दा मी हलका समजत नाही. पाणी अडवू नका असं मी म्हणतच नाही. पण खोलीकरण करताना जेसीबी दोन्ही काठ सोलतो, ते पाण्यासाठी लागतं का? मशीन एका काठावरून चालवता येतं. दुसऱ्या काठावरचे उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज तसेच ठेवता येतात. झाडाच्या मुळांनी काठ धरला की पुढच्या पावसात गाळ कमी येतो, म्हणजे तुमचंच काम टिकतं. वरच्या अंगाचे खोल डोह तसेच ठेवले तर एप्रिल-मेमध्ये मासे त्यात जगतात आणि पावसात पुन्हा पसरतात. तळ एकसारखा सपाट केला की उन्हाळ्यात त्यांना थांबायला जागाच उरत नाही.

आणि जपानला परवडतं म्हणाल, तर जपाननेही ओढ्यांवर भरपूर काँक्रीट ओतलंय. गाळ अडवायला डोंगरी ओढ्यांवर बंधाऱ्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या केल्या. केंतारो मोरिता आणि यामामोतो यांनी २००२ मध्ये दाखवलं की अशा बंधाऱ्यांच्या वर अडकलेला पांढऱ्या ठिपक्यांचा चार छोट्या पाणलोटांतून नाहीसा होत गेला. खालून मासे वर येऊ शकत नाहीत, वरचे मूठभर किती काळ तगणार? १९९७ मध्ये जपानने नदी कायद्यात बदल करून नदीच्या पर्यावरणाचं रक्षण हा कायद्याचाच एक हेतू केला. नाकानोंसारख्यांचं काम त्या देशात चैन म्हणून झालेलं नाही.

---

घाटमाथा_सातारा

एका काठावरून मशीन चालवायचं, हे मान्य. नकाशात लिहून दिलं तर ठेकेदाराला पाळावं लागेल. सध्या तसं लिहिलेलंच नसतं.

बंधाऱ्यांबद्दल एक सांगतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळ्याआधी काढतात आणि पाऊस ओसरल्यावर घालतात. म्हणजे मासा चढायच्या वेळी वाट उघडी असते. पक्क्या सिमेंट बांधाला ती सोय नाही. हा फरक मी माशांच्या अंगाने कधी बघितला नव्हता.

---

वाडीवरचा_बाळू

मी रायगडातला. शाळेच्या पुस्तकातलं मला कळत नाही पण माशाचं कळतं. पहिला मोठा पाऊस झाला, ओढे तांबडे झाले की वलगण लागते. मळवे, मुरे, शिंगट्या अंडी घेऊन वर चढतात, ओढ्यातून पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून भातखाचरात. आमचे आजोबा पहिल्या दोन दिवसांत मासा धरायचे नाहीत, म्हणायचे पहिली फौज जाऊ दे. आता लोक बांधावरच जाळं लावून बसतात. मोरी घातली रस्त्याला तर पाइपातून पाणी एवढं जोरात पडतं की मासा उडी मारून मारून थकतो. खाली ढीग होतो माशांचा आणि लोक पाटीनं भरतात.

तुमच्या त्या जपानी माणसाने पाण्यात तोंड घालून मासे बघितले, ते ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे जे साहेब येतात ते पुलावरून बघून जातात.

---

रानओढा

बाळूदादा, तुम्ही सांगितलं ते पुस्तकात असायला हवं. मोरीचा पाइप ओढ्याच्या तळाच्या खाली थोडा गाडला, त्यात दगडगोटे राहू दिले, तर प्रवाह मंदावतो आणि मासा चढतो. घाटमाथा दादांसारख्या माणसांनी ते नकाशात लिहिलं तर खर्च फार वाढत नाही.

आजोबांचा नियम कुठल्या गावात अजून पाळतात का? असेल तर जरूर लिहा.

---

जुनी_पोथी

सगळं वाचलं. एका गोष्टीची रुखरुख वाटते. डोंगरी ओढ्यांतल्या माशांवर जगात नाव झालेला माणूस आपल्याकडेही होता, आणि नाकानोंच्या जन्माआधी. सुंदरलाल होरा. जन्म १८९६, पंजाबातल्या हाफिजाबादचा. १९१९ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत आले, १९४७ पासून १९५५ साली निधन होईपर्यंत तिचे संचालक.

जोरात कोसळणाऱ्या पाण्यात प्राणी टिकतात कसे, हा होरांचा ध्यास. खासी टेकड्यांपासून पश्चिम घाटापर्यंत ते धो-धो ओढ्यांत उतरले. दगडाला चिकटून राहणाऱ्या माशांच्या छातीवरच्या चुण्या, पसरट पंख, चोषकासारखे ओठ, यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा दीर्घ निबंध आला. आपल्याशी थेट नातं म्हणजे के. एस. मिश्रा यांच्यासोबत त्यांनी देवळालीच्या माशांवर लिहिलं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये.

आणि एक गोष्ट मला फार प्रिय आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर, त्याचा 'मानसोल्लास' हा १२ व्या शतकातला ग्रंथ. त्यात मत्स्यविनोद म्हणून प्रकरण आहे: कुठला मासा कुठे राहतो, त्याला आमिष काय लावावं. होरांनी त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक दिवशी मासे मारू नयेत अशी आज्ञा आहे, त्यावरही लिहिलं. बाळूदादांचे आजोबा जो नियम पाळत होते त्याची मुळं किती जुनी आहेत बघा.

---

रानओढा

काका, होरांवर खरं तर वेगळा धागा हवा आणि तो तुम्हीच काढा.

माझ्या मनात दोघांची जागा वेगवेगळी आहे. होरांनी विचारलं, हा मासा या पाण्यासाठी घडला कसा आणि इथे आला कुठून. हिमालयातल्या जातींचे नातलग सह्याद्रीत कसे, याचं उत्तर म्हणून त्यांनी सातपुड्याच्या रांगेतून मासे सरकत आले अशी कल्पना मांडली. आज बरेच अभ्यासक ती जशीच्या तशी मान्य करत नाहीत, पण तिने दोन पिढ्यांना कामाला लावलं. नाकानोंनी विचारलं, हा मासा आज इथे जगतो कशावर. होरांच्या प्रश्नावर आपल्याकडे काम चालू आहे. सह्याद्रीतल्या मुऱ्यांच्या नव्या जाती गेल्या काही वर्षांतही सापडताहेत. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या कुंडातल्या माशाची २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण जात ओळखून तिला नाव दिलं म्हणजे ती जगेल असं नाही. तिच्या तोंडात पडणारा किडा कुठल्या झाडावरून येतो हेही कुणीतरी मोजलं पाहिजे.

---

साप्पोरोकर

मी नोकरीनिमित्त होक्काइडोत आहे. तोमाकोमाई म्हटलं की इथल्या लोकांना आधी कागदाची जुनी गिरणी आणि बंदर आठवतं. ते जंगल शहराला लागूनच आहे. लेख वाचून शनिवारी गेलो होतो. होरोनाई रुंदीला आपल्या गावच्या ओढ्याएवढाच. पाणी इतकं नितळ की काठावरून तळाचे खडे मोजता येतील. काठावरच्या गवतात पाण्यावर आडवी ताणलेली कोळ्यांची जाळी बघितली आणि ६५ टक्के आठवले.

इकडे कुणी येणार असेल तर चितोसेचं मत्स्यालयही बघा. तिथे तळघरात काचा बसवून थेट चितोसे नदीच्या आत बघता येतं. शरदात सामन वर चढताना दिसतात. आपल्या वलगणीसाठी असं काही झालं तर मुलं काय खूश होतील.

---

पानथळ

वाह, फोटो टाका ना!

---

शेखर_नाशिक

मला प्रयोगाबद्दल एक मूलभूत शंका. आच्छादनाने ओढ्यावरचा उजेड, तापमान, वारा सगळंच थोडं बदलणार. मग शेवाळ वाढलं ते किडे कमी झाले म्हणून की उबेमुळे?

---

रानओढा

शंका अगदी बरोबर. म्हणूनच मासे नसलेले तुकडे महत्त्वाचे. तिथेही आच्छादन तेच, ऊब तीच, उजेड तोच. आच्छादनामुळेच शेवाळ वाढलं असतं तर ते तिथेही वाढलं असतं, पण वाढलं नाही. मासे आणि आच्छादन दोन्ही असतील तिथेच वाढलं. आजवरच्या नदीवरच्या प्रयोगांत मला ही मांडणी सगळ्यात देखणी वाटते.

आणखी एक पुढचं काम सांगतो, कारण ते वाचून मी रात्रभर जागा होतो. ताकुया सातो आणि सहकाऱ्यांनी जपानातल्याच एका ओढ्यावर २०११ मध्ये दाखवलं की तिथल्या 'चार' (char) जातीच्या माशांच्या वर्षाच्या ऊर्जेपैकी सुमारे ६० टक्के रातकिडे-नाकतोड्यांसारख्या कीटकांतून येते. आणि हे कीटक पाण्यात चुकून पडत नाहीत. त्यांच्या पोटात केसासारखा लांब परजीवी जंत वाढतो. जंताला अंडी घालायला पाणी लागतं, म्हणून तो कीटकाचं वागणं बदलतो आणि कीटक स्वतःहून पाण्यात उडी घेतो. जंत बाहेर पडतो, कीटक माशाला मिळतो. एका दुर्मिळ माशाचं पोट एका जंतावर अवलंबून!

---

वाडीवरचा_बाळू

तो जंत मी बघितलाय. पावसाळ्याच्या शेवटाला डबक्यात गाठ मारल्यासारखा वळवळतो. आम्ही घोड्याचा केस म्हणायचो.

आणि हो, नियम अजून पाळतात अशी जागा विचारली होती ना. महाडजवळ वाळण कोंड आहे, तिथे देवीचे मासे म्हणून कुणी धरत नाही. एवढाले मासे, हातातून चुरमुरे खातात. पालघर जिल्ह्यात वाड्याकडे तिळसेश्वराच्या डोहातही तसंच.

---

मुक्ता_के

नमस्कार, मी एरवी फक्त वाचते. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र. प्रबंधासाठी ओढ्यावरचा विषय शोधत होते आणि हा धागा सापडला.

रानओढा सर, होरोनाईसारखं झऱ्याचं पाणी आपल्याकडे नाही. जून ते सप्टेंबर ओढा दगड लोटत येतो, मार्चनंतर डोह उरतात. पानगळही तिकडच्यासारखी हिवाळ्यात नाही. मग ती एकाची टंचाई, दुसऱ्याची सुगी इथे कशी दिसेल? माझा अंदाज असा की पूर तळावरचे जलकीटक धुऊन नेतो आणि त्याच काळात जंगलात किड्यांचा कहर असतो, म्हणजे पावसाळ्यात माशांना जंगलाचा आधार. उलट फेब्रुवारी-मार्चमध्ये जंगल कोरडं आणि डोहावरून चतुर, टाचण्या, कॅडिसफ्लाय उडतात, तेव्हा पक्षी-वटवाघळांना पाण्याचा आधार. हे माझ्याच्याने मोजता येईल का? हरितगृह बांधायला पैसे नाहीत. हाताशी एक मैत्रीण आणि स्कूटर आहे.

---

रानओढा

मुक्ता, तुझा अंदाज तपासण्यासारखा आहे आणि त्याला हरितगृह लागत नाही. नाकानो-मुराकामींच्या अभ्यासातही नुसतं मोजलंच होतं.

जंगलातून पडणारं मोजायला पसरट प्लास्टिकच्या पराती घे. थोडं पाणी आणि त्यात साबणाचे दोन थेंब, म्हणजे पडलेला किडा तरंगत सुटत नाही. पराती ओढ्यावर दोरीने किंवा दगडांच्या आधाराने ठेव, दोन-तीन दिवसांनी गाळून स्पिरिटमध्ये काढ. पाण्यातून उडणारं मोजायला मच्छरदाणीच्या कापडाचा छोटा तंबू थेट पाण्यावर, टोकाला बाटली. तंबूचं आणि परातीचं क्षेत्रफळ लिहून ठेव, नाहीतर आकडे जुळवता येणार नाहीत. वाळवून वजन कर, नुसती संख्या नको. एक सुरवंट शंभर चिलटांना भारी पडतो.

माशांच्या पोटापर्यंत पहिल्या वर्षी जाऊ नकोस, त्याला परवानग्या आणि सराव दोन्ही लागतात.

---

मुक्ता_के

भर पावसात तंबू वाहून जाईल ना?

---

घाटमाथा_सातारा

जाईलच. ऐन पुरात पाण्यात उतरू नकोस पोरी, घाटातला ओढा दहा मिनिटांत कमरेएवढा चढतो. पराती झाडाच्या फांदीला टांगून काठावरून ओढून घेता येतील अशी कप्पी कर. तंबू सप्टेंबरअखेर लाव.

आणि जागा हवी असेल तर आमच्या भागात एकाच ओढ्यावर दोन तुकडे दाखवतो. वरचा देवराईतून येतो, झाडी अंगावर येईल इतकी. खालच्या तुकड्यात तीन वर्षांपूर्वी खोलीकरण झालं, काठ उघडे. मध्ये अंतर कमी आहे, पाणी तेच. सांगून ठेवतो, ते काम मीच करून घेतलेलं आहे. आकडे काय येतात ते मलाही बघायचंय.

---

मुक्ता_के

काका, याहून चांगली जागा मिळणार नाही. गाईड सरांशी सोमवारी बोलते. मोजणी ऑक्टोबरला सुरू करून पुढच्या सप्टेंबरपर्यंत, असं मांडते.

---

रानओढा

ऑक्टोबर ते सप्टेंबर उत्तम. दोन्ही तुकड्यांत पराती सारख्याच ठेव, आणि एकाच दिवशी उचल. पाण्याचं तापमान दोन्हीकडे सकाळ-दुपार घेत जा, शेखर विचारतील. जलकीटक कुळापर्यंत ओळखायला अडलं तर इथेच फोटो टाक, मी आणि पानथळ ताई बघतो.